सर्ज्याच्या अंगाचा शाफ्ट

लिंबाजीमामाला डावं-उजवं कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. कळत होतं, पण ते शब्द त्याला फसवे वाटत. "डावं म्हंजे कुणाचं डावं? तुजं का माजं?" असं तो विचारायचा आणि समोरचा माणूस घोटाळला की मिशीत हसायचा. मी शाळेत भूगोल शिकवतो. दिशा हा माझ्या पोटापाण्याचा विषय. तरी मामाच्या या साध्या प्रश्नाचा मी कधी नीट विचार केला नाही. केला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. तीन भावंडं. थोरली गोदाआक्का, मग माझी आई, मग हा. आजोळ धारूरच्या डोंगराकडेला. बीडहून निघायचं, तेलगावला गाडी बदलायची आणि पुढं खडकाळ रस्त्यानं हाडं खुळखुळवत जायचं. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत पोचायचो तेव्हा मामा शेतातून बैलगाडी घेऊन यायचा आणि आम्ही पोरं आंब्याखाली उभं राहून गाडी येताना बघायचो. दोन बैल, सर्ज्या आणि पाखऱ्या. सर्ज्या कायम एका अंगाला, पाखऱ्या दुसऱ्या. जू आडवं टाकलं की दोघं आपापल्या जागी स्वतःहून येऊन मान घालायचे. मामा म्हणायचा, "माणसाला जागा सांगावी लागती. ह्यांना न्हाई."

पुढं बैल गेले, गाडी मोडली आणि मामा गावच्या दूध संस्थेत ड्रायव्हर म्हणून लागला. संस्थेकडं एक जुनी जीप होती, कुठल्याशा सरकारी कचेरीनं वापरून वापरून काढून टाकलेली. तिचं आणि माझं वय साधारण एकच. पण तिचे दात माझ्यापेक्षा मजबूत होते. या जीपलाही मामानं बैल जुंपले. तिचं एक अंग सर्ज्याचं, दुसरं पाखऱ्याचं. "पाखऱ्याच्या अंगाच्या चाकात हवा कमी हाय" असं तो म्हणायचा आणि गावात कुणालाही ते समजायचं.

लायसनच्या परीक्षेत तो यामुळंच दोनदा नापास झाला. साहेब शेजारी बसून म्हणायचा, "लेफ्टला घ्या." मामा गाडी थांबवून म्हणायचा, "साहेब, जरा समजंल असं बोला." तिसऱ्यांदा गेला तेव्हा साहेबच कंटाळला होता. चौकात आल्यावर तो म्हणाला, "लिंबाजी, घ्या सर्ज्याकडं." मामानं झोकात गाडी वळवली. घरी येऊन मामीला म्हणाला, "साहेब शिकला बग शेवटी."

त्याच्या कामाची एक रीत होती. गाडी उघडायची म्हटलं की कौसामामीचं जुनं लुगडं अंगणात अंथरायचं. पहिला नट निघाला की तो लुगड्याच्या एका टोकाला ठेवायचा, दुसरा त्याच्या शेजारी, असं निघेल त्या क्रमानं ओळीनं. परत जोडताना उलट्या टोकानं उचलत यायचं. त्या लुगड्यावरनं कुणी ओलांडून जायचं नाही. कोंबडी गेली तर मामीला शिव्या. एकदा मीच विहिरीवरनं येताना एक वॉशर पायानं सरकवला.  मामानं शांतपणे सगळी ओळ पहिल्यापासून तपासली, तासभर, आणि मला शेजारी बसवून ठेवलं. त्या तासाभरात मला जेवढी लाज वाटली तेवढी मॅट्रिकच्या गणितातही वाटली नव्हती.

हात हा त्याचा दुसरा विषय. ग्रीसचे हात तो भाकरीला लावायचा नाही. आधी रॉकेल, मग राख, मग पाणी. दुष्काळात पाणी बंद झालं तेव्हा तो हात कोरड्या मातीनं घासायचा, कातडी लाल होईपर्यंत. तरी भाकरी हातात घ्यायचा नाही, मामीनं कागदात धरून दिलेली तशीच दातानं तोडायचा. मामी म्हणायची, "वासराला चारल्यावानी वाटतंय बाई."

आणि जीप संस्थेची, म्हणजे दुधाची, असं त्याचं पक्कं होतं. चेअरमनला मुलाच्या वरातीसाठी जीप पाहिजे होती. मामानं सकाळीच इंजिनातला बोटाएवढा एक तुकडा काढून बंडीच्या खिशात घातला. चेअरमनच्या माणसांनी ढकलून ढकलून जीप गावभर फिरवली, चालू काही होईना. "आजारी हाय," मामा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन भरून जीप डेअरीच्या वाटेला लागली तेव्हा चेअरमन रस्त्यात आडवे आले. "का बे लिंब्या, आज बरी झाली व्हय?" मामा म्हणाला, "चेअरमनसाहेब, दूध दोपारपत्तोर फाटतंय. नवरदेव काय फाटत न्हाई." चेअरमन हसले. दुष्काळाआधीची गोष्ट आहे. तेव्हा लोक हसायचे.

मग तो दुष्काळ आला. पहिलं वर्ष लोकांनी कसंबसं काढलं. दुसऱ्या वर्षी गावातली विहीर माघातच तळाला गेली. दूध आटलं. संस्थेत कॅन पालथे घालून ठेवले होते आणि सेक्रेटरी त्यांच्यावर बसून पेपर वाचायचा. मग संस्थेनंच ठरवलं की जीपमागं लोखंडी टाकी असलेला छकडा लावायचा आणि पाणी वाहायचं. खाली गावात सरकारी टँकर यायचा. पण डोंगरावरच्या वस्तीला तो चढायचा नाही. ती वाट म्हणजे वाट नव्हती, नुसते धोंडे. चारही चाकं ओढणारी गाडीच तिथं चढू शकत होती आणि तशी गाडी पंचक्रोशीत एकच.

त्या वस्तीत माझी गोदामावशी राहायची. मामाची आक्का. तिचा मुलगा दत्ता आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेली होती, वस्तीतली बाकीची तरणी जोडपीही गेली होती. मागं उरली म्हातारी माणसं आणि जनावरं. हळूहळू म्हातारी माणसंही खाली गावात उतरली. कुणी लेकीकडं, कुणी देवळात. आणि आपली जनावरं मावशीच्या गोठ्यात बांधून गेली. अकरा जनावरं. त्यात एक गाय गाभण, दत्ताची. चारा छावणीला जनावरं पाठवायला मावशी तयार नव्हती. छावणीत गाई दुसऱ्याच्या खुंट्याला बांधतात, त्या पान्हा चोरतात, असं तिचं म्हणणं.

"आक्का, खाली चल," मामा दर खेपेला म्हणायचा.

"आन् ही?" मावशी जनावरांकडं हात करायची. "दत्ता आल्यावर काय दावू, मोकळी दावी? तू पानी आन. मी बसते हितं."

मामा आणायचा. एक दिवसाआड, न चुकता.

फाल्गुन सरत आला होता. एका सोमवारी चढाच्या मधोमध पुढचं चाक दोन धोंड्यांत अडकलं. मामानं जोर दिला आणि आत कडाड असा आवाज झाला. पुढं जायला बघितलं तर जीप मागं घसरायला लागली. निम्मं पाणी सोडून बघितलं, तरी चढेना. मागची चाकं नुसती धूळ उडवत होती. सगळं पाणी त्या धोंड्यांवर ओतून मामा खाली उतरला आणि संस्थेच्या फोनवरून माझ्या शाळेत फोन केला.

"सुदाकर, पुढचा शाप्ट मोडला. भंगार बाजारातनं जुना घिऊन ये. ह्याच गाडीचा."

"कुठल्या बाजूचा?"

"सर्ज्याच्या अंगाचा. कळलं का?"

"कळलं."

"नक्की?"

"मामा, मी काय परका आहे का?"

 "आक्का वर हाय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढच्या एक्सलच्या नळीत दोन शाफ्ट असतात, दोन चाकांना फिरवणारे. या जीपमध्ये दातेरी चक्रांचा गोळा मधोमध नसतो, ड्रायव्हरकडं सरकलेला असतो. म्हणून एक शाफ्ट लांब, एक आखूड. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की सर्ज्या कुठल्या अंगाला चालायचा ते मी डोळे मिटून सांगू शकतो.

मंगळवारी सकाळी मी बीडच्या भंगार बाजारात उभा राहून खरंच डोळे मिटले. आंबा दिसला, फुफाटा दिसला, समोरून येणारी मामाची गाडी दिसली. पांढरा सर्ज्या माझ्या उजव्या हाताला, तांबडा पाखऱ्या डाव्या. घुंगरांचा आवाजसुद्धा आला.

"उजवा," मी दुकानदाराला म्हणालो.

"नमुना लाये क्या मास्टरसाब? पुराना पीस?"

"नमुन्याची गरज नाही. आमच्या घरचीच गाडी आहे."

"देखो बाबा. डायवर बैठता उस साइड का ना?"

"हो हो, उजवा."

"फिर बाद में मेरे कू बोलना नै."

त्यानं ढिगातून शाफ्ट ओढून काढला, मी तो गोणपाटात गुंडाळला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. वरून ऊन, खालून इंजिन. पण मी मनातून बराच खूश होतो. आपल्या हातून प्रथमच घराच्या उपयोगाचं काही होतंय असं मला वाटत होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं काय आहे विचारलं तर मी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं.

दुपारी पोचलो. अंगणात जीप एका अंगाला वर उचललेली होती. जॅकखाली बाभळीचा ओंडका, मागच्या चाकांना दगड. लुगड्यावर सगळं ओळीनं लागलेलं. चाकाचे नट, चाक, झाकण, मोठा नट, बेअरिंगा, ब्रेकचा ड्रम. ब्रेकची ताटली त्यानं सुतळीनं स्प्रिंगला टांगून ठेवली होती, रबरी नळीला ताण पडू नये म्हणून. शेवटी मोडका शाफ्ट. आतल्या टोकाचा तुकडा गोळ्यातच राहिला होता. तो काढायला मामानं भजनी मंडळाच्या जळालेल्या भोंग्यातलं लोहचुंबक काठीला बांधलं होतं. तीन तास तो नळीला डोळा लावून, आत काठी घालून, आजारी माणसाच्या घशात बोट घालावं तसं चाचपत बसला होता म्हणे. तुकडाही आता लुगड्यावर होता.

मी गोणपाट सोडलं. मामानं शाफ्ट उचलला, हातातच त्याचं वजन केलं आणि त्याचा चेहरा बदलला. तरी त्यानं तो लुगड्यावर मोडक्या शाफ्टशेजारी ठेवला आणि तुकडा टोकाला जुळवला. माझा शाफ्ट दीड-एक वीत आखूड होता.

"पाखऱ्याचा हाय ह्यो," मामा म्हणाला.

"असं कसं? सर्ज्या उजव्या अंगाला..."

कौसामामी चुलीपाशी होती. ती उठून आली आणि म्हणाली, "सुदाकर, तू गाडीत कवा बसला हुतास का रं? पुढं हुबं राहून बगायचास तू."

मग मला कळलं. मी आयुष्यभर ती गाडी समोरून येताना पाहिली होती. कासरा हातात धरून, बैलांच्या पाठींकडं बघत मी एकदाही बसलो नव्हतो. मामासाठी सर्ज्या डावीकडचा होता. माझ्यासाठी उजवीकडचा. आणि मी भूगोल शिकवतो.

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं आखूड शाफ्ट पुन्हा गोणपाटात गुंडाळला, सुतळीनं दोन्ही टोकं बांधली आणि विचारलं, "तू जातोस का मी जाऊ?"

"मीच जातो."

"चारची गाडी मिळंल. पळ." मी निघालो तशी मागून हाक आली. "आन् हे घे." मोडक्या शाफ्टचे दोन्ही तुकडे त्यानं माझ्या पिशवीत घातले.

बीडला पोचेपर्यंत बाजार बंद. बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीपासून मी पायरीवर बसलो होतो. दुकानदारानं तुकडे बघितले, माझ्याकडं बघितलं आणि टोमणा न मारता लांब शाफ्ट काढून दिला. माझा चेहराच तसा असावा.

तोवर गावात काय चाललं होतं ते मामीनं नंतर सांगितलं. मंगळवारी आणि बुधवारी ती आणि शेजारच्या दोन बाया एकेक घागर डोक्यावर घेऊन वर गेल्या. त्या वाटेनं रिकामं चढतानाही छाती फुटते. मावशीनं घागरी उतरवून घेतल्या, बायांना सावलीत बसवलं. "आक्का, तुमी प्या आदी," मामी म्हणाली. मावशी म्हणाली, "पिते की. घाई काय हाय?" बाया उतरायला लागल्या. वळणावरून मामीनं मागं पाहिलं तर मावशी घागर गाभण गाईपुढं तिरपी धरून उभी होती. मामी तिथूनच ओरडली. मावशीनं ऐकू न आल्यासारखं केलं.

बुधवारी मामीनं तिला हाताला धरून ओढायला बघितलं. मावशी जमिनीला चिकटून बसली. "लिंबाला म्हनावं, मी बसलेय. तू ये."

बुधवारी दुपारी मी पोचलो. या खेपेला मामानं शाफ्ट मोडक्याशेजारी ठेवला आणि नुसती मान हलवली. मग काम सुरू झालं. वर बहीण तहानलेली आहे हे माहीत असलेला माणूस इतका सावकाश काम करू शकतो यावर माझा विश्वास बसेना. त्यानं शाफ्ट पुसला, दाते एकेक करून नखानं तपासले, ग्रीस लावलं. नळीच्या तोंडाशी ऑइल सील असतं, रबराचं कडं. शाफ्ट त्यावर घासला तर ते फाटतं आणि तेल गळून गाडी पुन्हा बसते. म्हणून तो दोन्ही हातांवर शाफ्ट तोलून, टेकू न देता, आत सरकवत होता. टोक गोळ्यापाशी गेलं. दाते दात्यांत बसेनात. तो शाफ्ट केसभर फिरवायचा, ढकलायचा, थांबायचा. पुन्हा.

"मामा, मी हातोडी देऊ का?" मी म्हणालो.

"नगं."

"पण वेळ..."

"सुदाकर," तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "माजा हात कापाय लागला तर आक्काला आनखी दोन दिस लागतील. गप बस."

त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता. मी तो माझ्या रुमालानं पुसला. त्या सगळ्या कामात माझा तेवढाच उपयोग झाला. शेवटी आत कुठंतरी खट् असं बारीक वाजलं आणि शाफ्ट दोन बोटं पुढं गेला. मग लुगड्यावरची ओळ उलट्या बाजूनं उचलली जाऊ लागली. बेअरिंग, ड्रम, मोठा नट. तो आवळायचा, मग किंचित सैल सोडायचा, हातानं चक्र फिरवून कान लावायचा. पुन्हा आवळायचा. दिवेलागणीला चाक चढलं. अंधारात त्या वाटेनं भरल्या टाकीची जीप चढवणं म्हणजे ती दरीत घालणं. मामा अंगणात जीपला टेकून बसला आणि उजाडायची वाट बघू लागला.

गुरुवारी तांबडं फुटताच आम्ही चढलो. ज्या धोंड्यांत शाफ्ट मोडला होता तिथं मामानं जीप थांबवली, उतरून वाट पाहिली, परत बसला आणि गोगलगाईच्या चालीनं ती पार केली. एकदाही झटका दिला नाही.

मावशी गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब केलेले, पदर तोंडावर. जनावरं तिच्या भोवती होती, दावी सोडलेली, पण एकही हललं नव्हतं. मामा धावला. पदर सारला तर ओठ काळे पडलेले. डोळे उघडे होते. त्यानं ओंजळीनं पाणी लावलं. तिनं जीभ फिरवली, मामाला ओळखलं आणि गाईकडं बोट केलं.

"आदी तू पी, आक्का."

ती बोट खाली घेईना. मी बादल्या भरून पळत सुटलो. अकरा जनावरांपुढं पाणी ठेवलं. ती पीत असल्याचा आवाज आला तसं मावशीनं तोंड उघडलं आणि दोन घोट घेतले. "लई येळ केलास रं," ती म्हणाली. बस्स, एवढंच बोलली. मामानं तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ऊन लागलंय म्हणून सलाइन लावली. शुक्रवारी सकाळी ती गेली.

अकरा जनावरांतलं एकही दगावलं नाही. गाय आठवड्यानं व्याली.

दत्ताला निरोप पोचून तो येईपर्यंत माती होऊन गेली होती. कुठल्या तरी लांबच्या कारखान्याच्या फडातून तो तीन गाड्या बदलून आला. अंगावर उसाच्या पात्यांचे ओरखडे तसेच होते. लोक अंगणात बसले होते. तो मामापुढं उभा राहिला.

"मामा, सोमवारी मोडलेल्या गाडीला बेस्तरवारपत्तोर येळ कावून लागला?"

 मी मामाच्या शेजारी बसलो होतो. खरं तर मी तोंड उघडलं होतं. पण मामा आधी बोलला.

"माजी चूक. मी फोनवर उलटी बाजू सांगितली. चुकीचा शाप्ट आला."

"तुमी? तुमी उलटी सांगितली?"

"सांगितली."

"आय मेली माजी, मामा. बाजू सांगाया चुकला तुमी आन् आय मेली माजी." दत्ताचा आवाज फुटला. "आजपसून मला मामा न्हाई."

मामानं मान खाली घातली. कौसामामीनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग ती उठून आत गेली. मी जमिनीकडं बघत बसलो. अंगणात मुंग्यांची एक रांग चालली होती, ती मी शेवटपर्यंत पाहिली. माझं तोंड केव्हा मिटलं ते मला आठवत नाही.

नंतर एकट्यात मी मामाला म्हणालो, "मी दत्ताला खरं सांगतो."

"नगं."

"का?"

"त्याला मामा गेला. तू सांगितलंस तर मावसभाऊ बी जाईल. कुनीतरी एक राहू दे की." मग थोड्या वेळानं म्हणाला, "आन् मला तरी काय झालतं लांबडा का आखूड सांगाया? मला वाटलं, भाच्याला कळतंय." हे त्यानं माझ्या समाधानासाठी म्हटलं नाही. त्याला ते खरंच वाटत होतं आणि मरेपर्यंत वाटत राहिलं. मला ते सोयीचं होतं. मीही ते थोडंथोडं मानत गेलो. वर्षातून दोनदा दत्ताकडं जायचो, पाहुणचार घ्यायचो. मामाकडंही जायचो. दोन्ही घरांचा मी लाडका होतो.

पाऊस पुढच्या वर्षी आला. दूध काही परत आलं नाही. संस्था बंद पडली, जीप कुणीतरी वजनावर उचलून नेली. मामा त्या दिवशी शेतातून आलाच नाही म्हणे. दत्तानं डोंगर सोडला, सिरसाळ्याला घर बांधलं, मुकादम झाला. पंधरा-सोळा वर्षं दोघांत एक शब्द नाही. कुणाच्या लग्नात समोरासमोर आले तर मामाच उठून पंगत सोडायचा.

मामा गेल्यावर मी सिरसाळ्याला जाऊन दत्ताला सगळं सांगितलं. आंबा, फुफाटा, उजवा हात, सगळं. तो बराच वेळ कपातला चहा नुसता हलवत राहिला. मग त्यानं विचारलं, "आता कावून सांगतोस?"  

मामाला शेवटचं पाहिलं ते तो जायच्या आधी तीन-चार महिने. दत्ताच्या मुलीचं लग्न होतं. मामाला अर्थातच आमंत्रण नव्हतं. लग्न उरकून मी बीडला परतताना तेलगावच्या स्टँडवर बस थांबली. खिडकीतून पाहिलं तर बाकावर मामा. पांढरी बंडी, धुतलेलं धोतर, पायांत नव्या चपला. मी खाली उतरलो.

"मामा, इथं कुठं?"

"आलतो असाच. सकाळीच आलो." मग म्हणाला, "तू ह्याच गाडीनं येशील आसं वाटलं."

त्याच्या शेजारी बसलो. तो लगेच विचारायला लागला. नवरदेव काय करतो. उंच आहे का. मंडपाला कापड कुठल्या रंगाचं होतं. जेवायला काय काय होतं, वरणात गूळ होता का, बुंदी पुरली का. मी सांगत गेलो. तो एकेक गोष्ट ऐकून मान हलवत होता, जेवल्यासारखा.

"दत्ता कसा दिसत हुता?"

"थकलाय जरा."

"केस पिकले असत्याल."

"पिकलेत."

"पोरगी जाताना रडली का?"

"रडली."

"रडंल की," तो म्हणाला.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी उठलो. तेव्हा त्याचं लक्ष माझ्या डोक्याकडं गेलं. मानाचा फेटा अजून तसाच होता. बसच्या हादऱ्यांनी एका कानावर उतरला होता.

"कुनी बांदला?"

"दत्तानं. स्वतःच्या हातानं."

"इकडं ये."

त्यानं मला बाकावर बसवलं. फेटा सोडला, टोक माझ्या दातांत दिलं आणि एकेक पीळ ओढून घेत पुन्हा बांधायला लागला. हात म्हातारे झाले होते, पण थरथरत नव्हते. कंडक्टर दारातून ओरडत होता, "ओ पावणं, यायचंय का र्‍हायचंय?" मामानं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. तुरा काढला, मागचा शेमला पाठीवर सरळ सोडला, दोन पावलं मागं जाऊन बघितलं आणि परत पुढं येऊन एक घडी बोटानं दाबली.

"पयलेपसून ढिला बांदतो त्यो," मामा म्हणाला. "मीच शिकवलतं. आवळाया भितो."

मी बसमध्ये चढलो, खिडकीशी बसलो. हात हलवला. मामानं हलवला नाही. बस स्टँडबाहेर वळेपर्यंत तो तिथंच उभा होता. माझ्याकडं बघत नव्हता. फेट्याकडं बघत होता.